कोरी बाटली

पुण्याला समुद्र नाही, याचं पुणेकरांना कधी वाईट वाटत नाही. जे पुण्यात नाही त्याची गरजच नसते, असं आमच्याकडे मानतात. तरीही सव्वीस वर्षं मी शंकरशेठ रस्त्यावरच्या एका प्रयोगशाळेत, दुसऱ्या मजल्यावर, पडदा ओढलेल्या खोलीत बसून समुद्राचं पाणी तपासलं. पाणी म्हणजे त्यातलं शेवाळ, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. मी मेहरुन बागवान. वडिलांचा मंडईत फळांचा गाळा होता. आंबा नुसता हातात घेऊन आतून कसा आहे ते सांगायचे आणि चुकायचे नाहीत. ती नजर माझ्याकडे आली नाही. मी फक्त स्वच्छ होते. माझ्या हातच्या काचेवर डाग राहत नाही, ही माझी सगळी प्रतिष्ठा, आणि खरं सांगायचं तर गर्वही.

दर मंगळवारी सकाळी मी स्वारगेटला जाऊन कोकणच्या एसटीतून बर्फाची पेटी उतरवून घ्यायचे. पेटी करंजखोलच्या खाडीतून यायची. तिथे बावन्न घरांनी मिळून बांबूच्या तराफ्यांवर शिनाणे वाढवायला घेतले होते. शिनाणे म्हणजे हिरव्या कवचाचे शिंपले. तराफ्यावरून दोर पाण्यात सोडायचे, शिनाणे त्यांना लगडतात आणि दिवसभर तोंड उघडं ठेवून खाडीचं पाणी गाळत बसतात. पाण्यात चांगलं असेल ते खातात, वाईट असेल तेही खातात. त्यांना स्वतःला काही होत नाही. जे व्हायचं ते त्यांना खाणाऱ्याला होतं.

ते वाईट म्हणजे आम्ही जिला नुसतं 'माळ' म्हणायचो ती. गोल गोल पेशी, एकीला एक चिकटलेली, चारांची, आठांची, सोळांची माळ. ती शिनाण्यांच्या पोटात गेली की तिचं विष तिथे साठतं. त्याला वास नाही, चव नाही आणि उकळून ते जात नाही. असे शिनाणे खाल्ले की तासाभरात ओठांना मुंग्या येतात, मग बोटं बधिर होतात, जीभ जड होते आणि शेवटी छाती हलायची थांबते. या सगळ्यात माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. म्हणून आठवड्याला मोजणी. लिटरमागे पाचशे पेशींच्या वर गेलं की शिनाणे काढायचे नाहीत, खायचेही नाहीत. पाचशेच्या आत असलं की कागदावर माझी सही, आणि त्या सहीवर बावन्न घरं जेवायची.

खाडीतून पाणी भरून पाठवणारा भैरू. तराफ्यांच्या मंडळाचा तोच म्होरक्या. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं, पण बुधवारी दुपारी त्याचा फोन ठरलेला. 'बाई, पानी बरा हाय नव्हं?' एवढंच विचारायचा. मी बरं आहे म्हणायचे, तो बरं म्हणायचा. अशी आमची तीन वर्षांची ओळख.

पेटीत खाडीच्या पाण्याच्या चार बाटल्या असायच्या आणि पाचवी कोरी. ही कोरी बाटली मीच पुण्यात भरायचे. चार वेळा गाळलेलं पाणी, त्यात खाडीइतकंच मीठ. बुचावरून कागदाची पट्टी डिंकाने चिकटवायची, पट्टीवर माझी सही करायची आणि रिकाम्या बाटल्यांबरोबर ती करंजखोलला पाठवायची. तिथे ती उघडायची नाही. जशी गेली तशी परत यायची आणि मी तिलाही इतर चौघींसारखीच सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. तिच्यात काही सापडायला नकोच. सापडलं तर त्याचा अर्थ एकच: बाटल्या नीट धुतलेल्या नाहीत. आणि आमच्याकडे बाटल्या मी धुवायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाही. सव्वीस वर्षांत माझी एकही कोरी घाण निघाली नव्हती.

दोन हजार तेरा सालच्या मार्चमधल्या पहिल्या मंगळवारी ती निघाली.

खाडीच्या चारही बाटल्या साफ होत्या. भैरू त्यांच्यात तिथेच आयोडीन टाकायचा, त्यामुळे त्यातलं सगळं मेलेलं आणि चहाच्या रंगाचं असायचं. कोरीत आयोडीन मी टाकायचे, उघडल्यावर. त्या दिवशी का कोण जाणे, आयोडीनच्या आधी मी एक थेंब काचेवर घेतला. भिंगाला डोळा लावला. रिकाम्या पांढऱ्या गोलात एक माळ होती, आठांची, आणि ती पोहत होती. स्वतःभोवती गिरक्या घेत, डौलात, जणू तिथेच राहते. मी गाळलेल्या, मी बंद केलेल्या, माझ्या सहीच्या पाण्यात.

मी दिवा जरा वाढवला. माळ थांबली, वळली आणि दिव्याच्या दिशेला, म्हणजे माझ्या डोळ्याच्या दिशेला येऊ लागली. उजेडाकडे जाणं हा त्यांचा स्वभाव आहे, हे मला पाठ आहे. तरी मी खुर्ची मागे सारली आणि पडदा उघडला. बाहेर सकाळचे अकरा वाजले होते, रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते, आणि मला ते फार बरं वाटलं.

कोरीचा आकडा चाळीस भरला. उघडायच्या आधी मी पट्टी पाहिली होती. जशीच्या तशी, सहीची रेघही हललेली नाही.

आता आमच्या दातारसाहेबांविषयी. शरच्चंद्र दातार, प्रयोगशाळेचे प्रमुख, मूळचे रसायनशास्त्राचे. रसायनवाल्यांना एक सवय असते. नमुन्याचा आकडा काढायचा, कोऱ्याचा काढायचा आणि दुसरा पहिल्यातून वजा करायचा. साहेबांनी तोच नियम आमच्या शेवाळालाही लावला होता. कोरीत जे सापडेल ते वजा करा, उत्तर शून्याखाली गेलं तर शून्य लिहा. इतकी वर्षं कोरी नेहमी रिकामीच असल्याने या नियमाने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. त्या मंगळवारी मी शून्यातून चाळीस वजा केले, शून्य लिहिलं आणि सही केली. कोरी घाण निघाल्याचं साहेबांना सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या आठवड्यात मी सगळ्या बाटल्या आम्लात उकळल्या, साबण बदलला, ब्रश बदलला. हात इतक्या वेळा धुतले की बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. नवी कोरी भरली तेव्हा श्वास रोखून धरला होता. पट्टी दोनदा दाबून चिकटवली. तिच्यासारखीच आणखी एक भरून कपाटात कुलपात ठेवली.

दुसऱ्या मंगळवारी खाडीत बेचाळीस पेशी होत्या. कोरीत एकशे तीस. कपाटातली पुण्यातच राहिलेली बाटली मात्र स्वच्छ.

तिसऱ्या मंगळवारी खाडीत एकशे पस्तीस आणि कोरीत चारशे. या वेळी बाटली उघडल्यावर एक वासही आला. प्रयोगशाळेतला नव्हे. शिळ्या नारळाच्या पाण्याचा आणि ओल्या दगडाचा. मी बाटली नाकाशी धरून उभी राहिले. मग वाटलं की हे पाणी कुठेतरी जाऊन आलंय आणि मला सांगत नाहीये. असं वाटण्याचा माझा स्वभाव नाही. घरी जेवताना ओठांना बारीक मुंग्या आल्या, तेव्हा मी आरशात जाऊन तोंड पाहिलं. काही नव्हतं. भ्रमच होता, पण जेवण टाकून उठले.

त्या रात्री आकडे एकाखाली एक मांडले. या आठवड्यात कोरीत जेवढं, पुढच्या आठवड्यात खाडीत तेवढं. पाच-दहाचा फरक सोडला तर अगदी तेवढंच. बंद बाटली खाडीच्या सात दिवस पुढे चालत होती.

चौथ्या मंगळवारी मी मोजायच्या आधीच चिठ्ठीवर लिहून ठेवलं: खाडी चारशे. निघाले चारशे दहा. कोरीत तेराशे होते, आणि थेंबात एवढ्या माळा फिरत होत्या की एकीला ओलांडल्याशिवाय दुसरीला जाता येत नव्हतं. मी दिवा वाढवला तशा सगळ्या वळल्या.

मग मात्र साहेबांकडे गेले. अर्धंच सांगितलं. बाटल्या मी धुतल्या हे दोघांनाही माहीत होतं, ते मी उच्चारलं नाही. म्हटलं, कोरीत थोडं काही दिसतंय, आणि जे दिसतंय ते पुढच्या आठवड्यात खाडीत येतं. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. ते म्हणाले, 'बागवानबाई, ही प्रयोगशाळा आहे, पंचांग नाही. कोरी घाण असेल तर बाटल्या धुवा. स्वच्छ असेल तर आकडे नीट मोजा. दोन्ही कामं आपलीच आहेत.'

माझा चेहरा उतरला असणार. ते थोडे मऊ झाले आणि नियम आहेच की, वजा करा, असं म्हणून पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. मी जागेवर आले आणि वजा केलं. शून्य. 'आढळले नाही' असं लिहिलं. भैरूच्या फोनवर बरं आहे म्हटलं. तो खुशीत होता. पुढच्या बुधवारी यंदाची पहिली तोडणी धरली होती. हॉटेलांना मासळी पुरवणाऱ्या हिंजवडीच्या एका कंपनीची गाडी गुरुवारी येणार होती. त्याआधी बुधवारी गाव आपल्या पहिल्या शिनाण्यांचं जेवण करणार होता.

मला तेव्हा माहीत होतं. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. पुढच्या मंगळवारी खाडीत तेराशे निघणार, हे माझ्या पोटाला ठाऊक होतं. म्हणजे पाचशेच्या कितीतरी वर. पण तसं बोलायचं तर आधी कबूल करायला हवं होतं की माझी कोरी चार आठवडे घाण आहे. आठवडाभर मी स्वतःला समजावत राहिले की खाडीत काही नाहीच, घाण फक्त माझ्या बाटल्यांत आहे आणि तीच सगळीकडे लागते आहे. माणूस स्वतःला दोष देतो तेव्हा प्रामाणिक वाटतो. तसं नसतं. कधी कधी ते सगळ्यात सोयीचं असतं.

पाचव्या मंगळवारी खाडीत तेराशे वीस निघाले. कोरीत चार हजारांच्या वर, नीट मोजताही येईनात. तेराशेतून चार हजार गेले, शून्य लिहा. मी लिहिलं. सहीही केली. बुधवारी सकाळी नवाला कागद करंजखोलला पोचला. आढळले नाही.

बुधवारी दुपारी दोनच्या सुमारास मी बाटल्या धुवायला घेतल्या. कोरीवर उरलेली पट्टी नेहमी मी पात्याने खरवडून काढायचे. आज ती कोमट पाण्यात भिजत टाकली होती, कारण पातं बोथट झालं होतं. पट्टी सुटून तरंगायला लागली. तिच्या पोटाला काहीतरी पांढरं चिकटलं होतं. मी बोटाने ओढलं. ते भाताचं शीत होतं.

लहानपणी आमच्या घरी पाकिटं डिंकाने कुणी चिकटवत नसे. ताटातलं एक शीत घ्यायचं, बोटाने चिरडायचं आणि फासायचं. वाळलं की पक्कं. माझी अम्मी अशी पाकिटं चिकटवायची की टपाल खात्याला पत्ता लागू नये. ही पट्टी कुणीतरी वाफेवर धरून अलगद सोडवली होती आणि शिताने पुन्हा जागच्या जागी बसवली होती, सहीची रेघ रेघेला जुळवून. मन लावून. प्रत्येक आठवड्याला.

मला आधी काय वाटलं ते सांगते. आनंद झाला. खरोखरचा, छातीभर. माझ्या बाटल्या स्वच्छ होत्या. माझे हात स्वच्छ होते. नळाखाली पाणी चाललं होतं आणि मी हसत होते. त्यानंतर कळलं की बाटली उघडली गेली असेल, तर आतलं पाणी माझं नव्हतंच. ते करंजखोलचं होतं. पाची बाटल्या खाडीच्याच होत्या, आणि मी खाडीतून खाडी वजा करत आले होते.

भैरूला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग एका म्हाताऱ्या बाईने उचलला. भैरू तराफ्यावर गेलाय, तोडणी चाललीय, मी त्याची आई मुक्ताबाई, असं तिने सांगितलं. पुण्याच्या बाई बोलतायत हे कळल्यावर तिला आनंद झाला. तुमचं नाव रोज घरात निघतं म्हणाली.

मी विचारलं, बंद बाटली कुणी उघडतं का. ती जरा लाजली. चोरी पकडली गेल्यासारखी नाही, कौतुक उघड झाल्यासारखी.

'मीच ओ,' ती म्हणाली. 'तुमी दर येळेला आमच्याकडं भरलेली बाटली धाडता. कुनाच्या घरनं भांडा भरून आला, तर तो तसाच परत कसा देयाचा? त्यात आपल्या घरचा काय तरी घालून धाडायचा. भैरूला ह्या कळत न्हाय, तो बोलतो हात लावू नको. म्हनून मंग त्याच्या नकळत. तुमचा पानी देवीच्या कोंडीत ओतते आनि देवीचा तुमास्नी भरते. आदी न्हाय जमला, पाय दुखत व्हते. आता म्हयना झाला, जाते बगा.'

देवीची कोंड कुठे आहे, असं मी विचारलं. खाडीच्या तोंडाशी, कातळाखाली, गावातली सगळ्यात खोल जागा. तिथे नारळ सोडतात. तळाला गाळ आहे आणि तिथलं पाणी सावकाश आठवडाभराने वर, तराफ्यांकडे येतं, असं ती म्हणाली. म्हणजे माळ तिथेच, त्या गाळातून उठत होती. ही बाई पायपीट करून त्याच जागेचं पाणी दर आठवड्याला, न चुकता, मला आणून देत होती.

मी शक्य तेवढ्या शांतपणे सांगितलं की शिनाणे कुणी खायचे नाहीत. एकही नाही. विषारी झालेत.

मग तिने सांगितलं की गावाने अजून खाल्ले नाहीत, टोप चुलीवर आहे. त्यांच्याकडे पहिल्या तोडणीचे शिनाणे आधी घरातल्या थोरल्या बाईने खायचे असतात. भरती लागेपर्यंत वाट बघायची आणि मग बाकीच्यांनी बसायचं. जुनी रीत आहे. मी विचारायच्या आधीच ती पुढे म्हणाली, 'मी खाल्ले. तास झाला आसंल. व्हटाला मुंग्या आल्यात मघापासनं. मला वाटला, मिरची जास्त झाली.'

मी तिला टोप उलटा करायला सांगितला. तिने फोन तसाच खाली ठेवला. भांडं ओढल्याचा आवाज आला, मग राखेवर पाणी पडल्याचा मोठा फस्स. ती परत आली. मी म्हटलं, शेजारी कुणाला हाक मारा, गाडी काढायला लावा, तालुक्याच्या दवाखान्यात चला, आत्ताच्या आत्ता. तिने हाक मारली. तिच्या बोलण्यात आता अक्षरं एकमेकांत मिसळत होती. हात बधिर झालेत, फोन धरवत नाही म्हणाली. खाली ठेवते, पण तुमी बोला, मला ऐकू येतंय.

तिनेच विचारलं, दुरून, जड जिभेने, पण अगदी आस्थेने.

'बाई, आमचा पानी पोचला नव्हं तुमास्नी? काय केलात त्याचा?'

सव्वीस वर्षं आकडे सांगणारी बाई मी, मला त्या प्रश्नाचं उत्तर येत होतं आणि ते दोनच शब्दांचं होतं: वजा केलं. मी फोन कानाला घट्ट धरून उभी राहिले. पलीकडून तिचा श्वास येत होता. लांब, मग मध्ये थांबलेला, मग पुन्हा. सवयीने मी ते मोजायला लागले. शेजारच्या खोलीत दातारसाहेब कुणाला तरी चहा सांगत होते. एकसष्टावर बराच वेळ गेला. बासष्टावा आलाच नाही. मी मोजणी सोडली नाही, तो मला ऐकू आला नसेल असं धरून वाट पाहिली.

मग पायांचे आवाज आले, बायकांचे, आणि फोन कुणीतरी उचलला. भैरू होता. धावत आला असणार, धाप लागली होती. आई बोलत न्हाय, म्हणाला. टोप कोणी उलटा केला, विचारलं. मी म्हटलं, तिनेच, आणि उरलेल्या शिनाण्यांना कुणी हात लावू नका, काढलेले सगळे परत पाण्यात टाका, गाडी आली तर रिकामी परत पाठवा.

'पन बाई,' तो म्हणाला, 'सकाळच्या कागदावर तर आढळले न्हाय लिवलंय.'

'आढळलं होतं,' मी म्हटलं. 'पाच आठवडे आढळत होतं. मी लिहिलं नाही.'

मागे बायका मुक्ताबाईला हाका मारत होत्या. मी फोन ठेवला नाही. नळ अजून चालूच होता.